बडोदे ते भावनगर : दंडाच्या धाकापासून प्रवेशाच्या रांगेपर्यंत

जून महिना अर्धा सरलेला असतो. सौराष्ट्राचे आभाळ भरून येते, पण पाऊस हुलकावणी देत राहतो. अमरेली तालुक्यातल्या खेड्यांत या दिवसांत दोनच गोष्टींची लगबग असते. एक कपाशी-भुईमुगाच्या पेरणीची आणि दुसरी शाळेची. शाळेच्या फाटकाला पानाफुलांची तोरणे लागतात. अंगणात मंडप पडतो. पहिलीत बसणाऱ्या चिमुरड्यांच्या कपाळी कुंकवाचा टिळा लागतो, हाती नवे दप्तर येते आणि गांधीनगरहून आलेला एखादा अधिकारी किंवा मंत्री त्यांना वर्गापर्यंत घेऊन जातो. कोणी हसते, कोणी भोकाड पसरते. मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या आज्या पदराआड हसत असतात. गुजरातेत २००३ सालापासून जूनमध्ये साजरा होणारा हा ‘शाळा प्रवेशोत्सव’.

हा सोहळा पाहणाऱ्या नवख्या माणसाला कल्पनाही येणार नाही, की याच तालुक्यातल्या खेड्यांत सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होत असे. तेव्हा सरकार मुलाच्या मागे धावत होते. आज आईबाप शाळेच्या मागे धावत आहेत. मधल्या काळात नेमके काय घडले? हे जाणून घ्यायचे तर बडोद्याहून निघून अमरेलीमार्गे भावनगरला जाणारी वाट धरावी. वाटेत प्रेक्षणीय स्थळे तर आहेतच, पण आपल्या देशाने शाळेकडे पाहण्याची नजर कशी बदलली, त्याच्या खुणाही याच वाटेवर विखुरलेल्या आहेत.

घुमटाखालचे शहर

बडोद्याच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकले, की रिक्षावाल्यांच्या गलक्यातून वाट काढत पाच मिनिटांत सयाजीगंजात येता येते. समोर दिसतो तो विद्यापीठाचा प्रचंड घुमट. चिशोम नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने उभारलेली ही इमारत मूळची बडोदा कॉलेजची. अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी अरविंद, इथेच इंग्रजी आणि फ्रेंच शिकवीत. १९४९ साली कॉलेजचे रूपांतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले आणि कुलगुरुपदी आल्या हंसाबेन मेहता. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाची कुलगुरू झालेली ही भारतातील पहिली स्त्री. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असा शब्दप्रयोग व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या हंसाबेन याच. बडोद्याच्या दिवाणांच्या या कन्येने डॉ. जीवराज मेहतांशी आंतरजातीय विवाह केला. डॉ. मेहता मूळचे अमरेलीचे. पुढे १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. बडोदे आणि अमरेली यांचे नाते असे घराघरांतूनही विणलेले आहे.

मराठी माणसाला बडोदे परके वाटत नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात फिरताना कानांवर अजूनही मराठी पडते. घरांच्या दारांवर मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. सकाळी शेव-उसळीच्या गाड्यांभोवती गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत तिखटाची तक्रार चालू असते. सुरसागर तलावाच्या काठाने पुढे गेले, की न्यायमंदिराची जुनी भव्य वास्तू लागते. अगदी अलीकडेपर्यंत इथे न्यायालय भरत असे. त्यापलीकडे मांडवीचा चौक आणि जुन्या शहराची गर्दी.

या शहरावर ज्याचा ठसा सर्वांत खोल उमटला आहे, तो राजा मात्र शहरात जन्मला नव्हता. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्याला दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाचा अक्षरांशी फारसा परिचय नव्हता. इलियट नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. १८८१ साली सयाजीराव गायकवाड म्हणून त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. ज्या वयात इतर मुले शाळा संपवतात, त्या वयात ज्याने मुळाक्षरे गिरवली, त्याला अक्षराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शेतात राबणाऱ्या मुलाला दप्तर का जड वाटते, हेही त्याला कळत असणार.

दहा गावांचा प्रयोग

शिक्षण सक्तीचे असावे ही कल्पना तेव्हा हिंदुस्थानात अगदीच नवी नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. इंग्रज सरकारने ती कानाआड केली. सयाजीरावांनी मात्र करून पाहायचे ठरवले.

बडोदा संस्थान म्हणजे एकसंध मुलूख नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटक, मध्ये इतरांची हद्द. पहिला प्रयोग राजधानीच्या नजरेखाली करणे सोयीचे झाले असते. पण महाराजांनी निवडला तो दूरचा अमरेली तालुका. १८९३ साली तिथल्या दहा गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. आठ वर्षे प्रयोग पारखून १९०१ मध्ये तो सबंध तालुक्याला लागू झाला आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानाला. मुलांसाठी बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींसाठी दहाव्या वर्षापर्यंत शाळा बंधनकारक ठरली.

कागदावर हे सारे सोपे दिसते. गावात ते कसे उतरले असेल? शाळेच्या वयाच्या मुलांची यादी व्हायची. मूल आले नाही, की घरी ताकीद जायची. तरीही आले नाही, की दंड. त्या काळच्या शेतकरी बापाची बाजूही समजून घ्यायला हवी. आठ वर्षांचा मुलगा म्हणजे घरातला अर्धा गडी. तो गुरे राखतो, पिकावरची पाखरे हाकतो, बैलांना पाणी दाखवतो. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेते, म्हणून आई शेतावर जाऊ शकते. शाळेत पाच वर्षे घालवून मुलगा पुन्हा नांगरच धरणार असेल, तर ती पाच वर्षे फुकट का घालवायची? मुलीच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. ती परक्या घरी जाणार, तिच्या अक्षरांचा उपयोग कोणाला? म्हणूनच मूल पाठवण्याऐवजी दंड भरून मोकळे होणारे पालकही निघाले.

आज हे वाचून आपण हसतो. पण तो बाप मूर्ख नव्हता. त्याचा हिशोब त्याच्या जगात बरोबर होता. शाळेत जाऊन जग बदलते, असे उदाहरण त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिले नव्हते. उदाहरण निर्माण व्हायचे तर आधी कोणाला तरी शाळेत जावे लागणार होते. ही गाठ सोडवण्यासाठीच सक्ती होती.

आणि फळ दिसू लागले. मार्च १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्यांच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार बडोद्याचे आकडे होते. बडोद्यात लोकसंख्येच्या ८.६ टक्के विद्यार्थी शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम १.९ टक्के. एक देशी संस्थानिक जे करू शकतो, ते बलाढ्य इंग्रज सरकारला का जमू नये, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९११ साली त्यांनी विधेयक आणले. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. ते पाडणाऱ्यांत केवळ इंग्रज नव्हते, आपले काही बडे जमीनदारही होते. रयतेची पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायचे कोणी, ही चिंता वरच्या मजल्यावरही होतीच!

तरी बीज रुजले होते. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. १९२७ साली पुण्यात शिक्षणसुधारणेसाठी अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई.

काचेची जमीन आणि वडाची सावली

बडोद्यात आलेल्या पाहुण्याने लक्ष्मीविलास राजवाडा पाहावाच. पण वेळ कमी असेल तर राजवाडा सोडावा आणि मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहावे. लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांमध्ये इथे जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपत येतो. या काचेवरून चालताना पहिल्यांदा पाऊल बिचकते, मग हळूहळू धीट होते. अक्षरओळखीचेही असेच असते, नाही का?

या ग्रंथालयाची जन्मकथाही अमरेलीच्या प्रयोगाशी जोडलेली आहे. सक्तीने शाळेत आलेली मुले चार-पाच वर्षांनी बाहेर पडत आणि पुढे आयुष्यात पुस्तक हाती न आल्याने शिकलेले विसरून जात. दंड करून शिकवलेले अक्षर असे मातीत मिसळू लागले, तर सारा खटाटोप कशासाठी? म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. स्वतःच्या संग्रहातील हजारो पुस्तके त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. जिथे ग्रंथालय नव्हते, तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या चळवळीला घरोघर नेले. बडोद्यात शिकणारा विनायक भावे नावाचा एक मराठी विद्यार्थी या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसे. पुढे त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळली आणि १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेला असताना सुरतेला उतरून थेट काशीची वाट धरली. तेच आचार्य विनोबा. शाळेच्या कागदावरचा विश्वास उडाला, पण पुस्तकावरचा उडाला नाही, असा विद्यार्थीही याच शहराने घडवला.

पण बडोद्याच्या या उजळ कहाणीला एक काळी किनार आहे आणि ती पाहिल्यावाचून या शहरातून निघणे बरे नव्हे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी सयाजीरावांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या. शाळा निघाल्या, पण त्यांत शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. बरीच वर्षे मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम यांच्यासारख्यांवर हे काम चालले. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर ठरल्याप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या या तरुणाला या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून ते राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी तो दिवस कामाठी बागेत काढला. ज्या वडाखाली ते बसले असे सांगतात, ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.

कामाठी बागेत संध्याकाळी मुले खेळत असतात, भेळवाले फिरत असतात, फुलांच्या ताटव्यांपाशी छायाचित्रे काढली जातात. बागेच्या त्या कोपऱ्यात मात्र माणसे चप्पल काढून उभी राहतात. राजाच्या हुकमाने मूल शाळेत येते, शिष्यवृत्तीने ते सातासमुद्रापार जाते. पण शेजाऱ्याच्या मनाचे दार हुकमाने उघडत नाही, ही गोष्ट ती जागा न बोलता सांगते. शाळेने बदलायचे असते ते केवळ शिकणाऱ्याला नव्हे, न शिकणाऱ्या समाजालाही.

अमरेलीच्या वाटेवर

बडोद्याहून अमरेली रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. गुजरातच्या एस.टी.ने जायचे तर दिवसाचा बराच भाग प्रवासात जातो. खेडा-आणंदकडची तंबाखू आणि केळीची हिरवाई मागे पडते, जमीन उघडी होत जाते आणि सौराष्ट्राची काळी माती, बाभळी, पांढरी पागोटी आणि म्हशींचे तांडे दिसू लागतात. चहा बशीत ओतून पिण्याची रीत इथे अजून शाबूत आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला गीरचे जंगल. सिंह रानातून बाहेर येऊन शेताच्या बांधावर बसल्याच्या गोष्टी इथे कोणीही सांगतो आणि त्या बहुधा खऱ्याच असतात.

अमरेली गावात गायकवाडी अमदानीच्या खुणा जागोजाग आहेत. नागनाथाचे देऊळ विठ्ठलराव देवाजी या मराठी सुभेदाराने बांधलेले. ठेबी नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या भाषेत बडोद्याची दप्तरी वळणे अजून सापडतात. पण इथल्या घरांत डोकावले, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. घरात म्हातारी माणसे आहेत, तरुण नाहीत. ते सुरतेला आहेत. अमरेली आणि भावनगर जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे सुरतेच्या हिऱ्यांच्या कारखान्यांवर जगतात. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराला इथे ‘रत्नकलाकार’ म्हणतात आणि ज्या फिरत्या चाकावर तो हिरा घासतो, त्याला ‘घंटी’.

या घंटीने शाळेशी मोठी स्पर्धा केली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत सातवी-आठवीतून नाव काढून पोराला मामाबरोबर सुरतेला धाडणे ही इथली रीतच होऊन बसली होती. पदवी घेऊन कारकुनी करणाऱ्याच्या पगाराहून घंटीवर बसलेल्या पोराची कमाई जास्त, मग शिकायचे कशाला? १८९३ सालच्या बापाचाच हिशोब, फक्त गुरांच्या जागी हिरे आले. सक्तीला शंभर वर्षे होत आली तरी मन पुरते वळले नव्हते.

ते वळले घंटी थांबल्यावर. २००८ सालच्या जागतिक मंदीत हिऱ्यांची मागणी कोसळली, कारखाने बंद पडले आणि हजारो रत्नकलाकार बायकापोरांसह गावी परतले. चाळिशीतल्या माणसाला दुसरे काहीच येत नव्हते. हातात कसब होते, पण कागद नव्हता. त्या धक्क्याने अनेक घरांतला हिशोब फिरला. मुलगा काहीही होवो, पण निदान बारावी झालाच पाहिजे, मुलगी नर्स किंवा शिक्षिका झाली तर उत्तम, असे बोल रत्नकलाकारांच्या घरांतून ऐकू येऊ लागले. अलीकडे हिऱ्यांच्या धंद्यावर पुन्हा मंदीचे सावट आले, तेव्हा २०२५ मध्ये गुजरात सरकारने रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली. त्या मदतीत मुलांच्या शाळेची फी भरण्याची तरतूद होती. बाप बेकार झाला तरी मुलाची शाळा सुटू नये, याची काळजी घ्यावी लागते, इतका हा बदल खोल गेला आहे. जिथे शाळेत न जाण्याबद्दल सरकार दंड घेत होते, त्या मुलखातल्या कुटुंबांसाठी सरकार आता शाळेची फी भरू पाहते. काळाचा महिमा म्हणतात तो हाच!

ही केवळ अमरेलीची गोष्ट नाही. १९९९ साली उत्तर भारतातील पाच राज्यांतल्या खेड्यांची पाहणी करून ‘प्रोब’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. गरीब आईबापांनाच शिक्षण नको असते, हा पुढाऱ्यांचा आवडता समज त्याने खोडून काढला. मुलाला शिकवणे महत्त्वाचे आहे असे ९८ टक्के पालकांनी सांगितले होते आणि मुलीच्या बाबतीतही हे प्रमाण ८९ टक्के होते. आईबाप तयार होते. तयार नव्हत्या त्या शाळा. कुठे शिक्षक नव्हता, कुठे छप्पर नव्हते.

कायद्यानेही आपली चाल बदलली. १९९३ साली, म्हणजे अमरेलीच्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २००२ साली घटनादुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. जुन्या कायद्यात बोट बापाकडे होते, मूल का पाठवले नाहीस? नव्या कायद्यात ते सरकारकडे वळले, शाळा का दिली नाहीस?

चितळचे लेकरू, भावनगरची टेकडी

अमरेलीपासून जवळच चितळ नावाचे गाव आहे. प्रवासी पुस्तकांत त्याचे नाव सहसा सापडत नाही. पण १८८५ साली इथे गिजुभाई बधेका जन्मले. शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला कुठल्या शाळेत घालावे, या विचाराने त्यांची झोप उडाली. आजूबाजूच्या शाळांत छडी होती, घोकंपट्टी होती, भीती होती. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले.

भावनगरात तख्तेश्वराच्या टेकडीवर जावे. देवळाच्या पायऱ्या चढून गेले, की सबंध शहर आणि दूरवर खंभातच्या आखाताची रेघ दिसते. या टेकडीच्या परिसरातच गिजुभाईंचे बालमंदिर बहरले. इथे छडी नव्हती, बक्षिसांचा मोह नव्हता. गोष्टी होत्या, गाणी होती, माती होती, बाग होती. मुलाला मारून शिकवण्यापेक्षा त्याला शिकावेसे वाटू द्यावे, हा त्यांचा साधा मंत्र. मोठाल्या मिशांच्या या मास्तरांना लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले. त्यांच्या मदतीला आल्या ताराबाई मोडक. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ही मराठी विदुषी भावनगरला आली, नऊ वर्षे राहिली आणि इथे शिकलेले घेऊन महाराष्ट्रात परतली. बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळा थेट मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेत भावनगरच्या या टेकडीचा वाटा आहे.

अमरेलीने विचारले होते, मूल शाळेत आहे का? भावनगरने पुढचा प्रश्न विचारला, शाळेत मूल सुखात आहे का? आणि योगायोग असा, की सयाजीराव आणि गिजुभाई या दोघांनीही १९३९ सालीच जगाचा निरोप घेतला.

रांगेतले आईबाप

आज तिसराच प्रश्न आईबापांना छळतो आहे. कुठल्या शाळेत? बडोद्यात, सुरतेत, राजकोटात मार्च-एप्रिल आला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या फाटकांबाहेर आईबाप हातात फायली घेऊन उभे असतात. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरताना रिक्षावाल्याची आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईची धडपड पाहिली, की डोळ्यांत पाणी येते. सयाजीरावांच्या बडोद्यात मराठी माणसे आहेत, मराठी संस्था आहेत. २०१८ साली तिथे मराठी साहित्य संमेलनही भरले. पण तिथल्या मराठी घरांतले मूल आता बहुधा मराठी शाळेत जात नाही. आजी मराठीत गोष्ट सांगते, नातू इंग्रजीत हुंकार देतो.

आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण अमरेलीच्या त्या दंड भरणाऱ्या बापाप्रमाणे हेही आपल्या जगाचा हिशोबच मांडत आहेत. फरक इतकाच, की त्या बापाला शाळेकडून काहीच अपेक्षा नव्हती आणि आजच्या आईला शाळेकडून सर्व काही हवे आहे. पटावर नाव आहे म्हणजे मूल शिकते, ही समजूत मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार २०२२ साली ग्रामीण भागातील सहा ते चौदा वर्षांची ९८ टक्क्यांहून अधिक मुले शाळेत दाखल होती. पण पाचवीतल्या शंभर मुलांपैकी जेमतेम त्रेचाळीस मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. सयाजीरावांना सतावणारी, मूल शाळेतून बाहेर पडल्यावर अक्षर विसरेल ही भीती, आज वेगळ्या रूपात समोर आहे. मूल शाळेत असतानाच अक्षर हाती लागत नाही.

याच पाहणीत एक आशेचा किरणही आहे. सरकारी शाळांत जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले. त्यामागे महामारीत अनेक घरांची कमाई आटली आणि काही लहान खासगी शाळा बंद पडल्या, हे कारण होतेच. पण गरजेपोटी परतलेला पालकही शाळेचे दार ठोठावतोच. त्या दाराआड त्याला काय मिळते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

ज्यांना ही वाट स्वतः चालून पाहायची आहे, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस निवडावेत. मुंबईहून रेल्वेने पाच-सहा तासांत बडोदे गाठता येते. दोन दिवस बडोद्यासाठी ठेवावेत, तिथून एस.टी.ने अमरेली आणि अमरेलीहून भावनगर. परतीला भावनगरजवळच्या घोघा बंदरातून सुरतेजवळच्या हजिऱ्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली बोट घ्यावी. खाडीचा गार वारा तर मिळेलच, पण सोबतीला सुट्टी संपवून सुरतेला परतणारी सौराष्ट्रातली कुटुंबेही भेटतील. बाप कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत असतो. आई डब्यातला थेपला काढते. आणि सात-आठ वर्षांची मुलगी बोटीवरच्या पाट्या एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचत असते. ती अडखळली, की बाप वळून पाहतो. त्याला स्वतःला ते अक्षर येत असेल वा नसेल. पण तिने ते वाचावे म्हणून तो थांबलेला असतो.